मात्रा आणि मूत्रपिंड

मराठीत 'मात्रा' या शब्दाला दोन अर्थ आहेत. वैद्याने सहाणेवर उगाळून चाटविलेले औषध ही मात्रा, आणि कोणत्याही वस्तूचे प्रमाण हीही मात्राच. 'मात्रा लागू पडली' असे आपण म्हणतो तेव्हा औषध आणि प्रमाण या दोहोंचा नकळत एकदमच उच्चार करीत असतो. भाषेने जोडलेले हे दोन अर्थ व्यवहारात मात्र पुष्कळदा वेगळे पडतात. औषध कोणते द्यावयाचे याचा विचार कसोशीने होतो. ते किती द्यावयाचे आणि किती तासांनी, हा प्रश्न ठरीव तक्त्यावर सोपविला जातो. साध्या दुखण्यात हे चालून जाते. परंतु अत्यवस्थ रुग्णाच्या बाबतीत ते चालत नाही. अशा रुग्णाची मात्रा त्याच्या मूत्रपिंडांची त्या दिवसाची स्थिती पाहून रोज नव्याने ठरविली पाहिजे, आणि ती कशी ठरविली याची नोंद कागदावर राहिली पाहिजे, असे आमचे मत आहे. ते मांडण्यासाठी आपण प्रथम तंजावरला जाऊ.

तंजावरची गोळी आणि तंजावरची नोंद

तंजावर मराठी वाचकाला परके नाही. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी सतराव्या शतकात तेथे आपले राज्य स्थापिले व ते १८५५ पर्यंत टिकले. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर १८०३ साली कोरविलेला भोसले कुळाचा मराठी इतिहास आजही तेथे उभ्या उभ्या वाचता येतो. या नगराच्या दोन जुन्या गोष्टी आपल्या विषयाशी जवळच्या आहेत.

पहिली गोष्ट एका गोळीची. अठराव्या शतकाच्या अखेरीस 'तंजावरची गोळी' म्हणून सर्पदंशावरील एक औषध दक्षिणेत प्रसिद्ध होते. मद्रास इलाख्यात काम करणारे चिकित्सक आणि निसर्गशास्त्रज्ञ पॅट्रिक रसेल यांनी या गोळीची परीक्षा केली, तेव्हा तिच्यात सोमल असल्याचे आढळून आले. कोरोमंडल किनाऱ्यावरील सर्पांविषयीचा त्यांचा मोठा ग्रंथ १७९६ साली निघाला, आणि आपण जिला घोणस म्हणतो त्या सापाला इंग्रजीत आजही त्यांचेच नाव आहे. सोमल हे तीव्र विष होय, आणि ते शरीराबाहेर पडते ते मुख्यतः मूत्रावाटे. घोणसीचे विष तर मूत्रपिंडांनाच इजा करते. ज्या वाटेने औषध बाहेर जावयाचे ती वाटच रोगाने बंद केली, तर औषध शरीरात साचत राहते. गोळी देणाऱ्याला हे ठाऊक असण्याचा त्या काळी संभव नव्हता. आज मात्र हे वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते.

दुसरी गोष्ट नोंदीची. १७९८ ते १८३२ या काळात गादीवर असलेले दुसरे सरफोजी राजे यांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढविले आणि धन्वंतरी महालात औषधांचा अभ्यास चालविला. अनुभवाला उतरलेले उपाय तमिळ पद्यात लिहवून घेण्यात आले. नेत्ररोग्यांच्या उपचारांच्या नोंदी डोळ्यांच्या चित्रांसह ठेवण्यात आल्या; त्या सरस्वती महालात जतन झाल्या आहेत. प्रत्येक रुग्ण वेगळा आहे, म्हणून त्याची नोंद वेगळी ठेवावयाची, हा विचार या कागदांच्या मुळाशी आहे. गोळी सर्वांना सारखी होती. नोंद प्रत्येकाची निराळी होती. या दोहोंतील अंतर हाच आपला विषय आहे.

गाळणीचा हिशेब

मनुष्याला दोन मूत्रपिंडे असतात व प्रत्येकात सुमारे १० लक्ष सूक्ष्म गाळण्या असतात. निरोगी तरुण माणसाच्या या गाळण्यांतून दर मिनिटाला सुमारे १२० मिलिलिटर, म्हणजे दिवसाकाठी जवळजवळ १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातला बहुतेक भाग शरीर परत घेते आणि सुमारे दीड लिटर मूत्र म्हणून बाहेर टाकते. या गाळण्याच्या वेगाला आपण 'गाळणीचा वेग' म्हणू.

पुष्कळशी औषधे याच वाटेने बाहेर जातात. जेंटामायसिन हे १९६३ साली पुढे आलेले प्रतिजैविक पाहा. निरोगी माणसात त्याचे रक्तातील प्रमाण दोन-तीन तासांत निम्मे होते. मूत्रपिंडे अगदी बंद पडली असता एवढ्याच घटीला दीड-दोन दिवसही लागू शकतात. दर आठ तासांनी तीच मात्रा देत राहिल्यास ते साचत जाते, आणि साचलेले जेंटामायसिन ऐकण्याची शक्ती घालविते व मूत्रपिंडांनाही अपाय करते. मॉर्फिनचे उदाहरण याहून सूक्ष्म आहे. त्याचे रूपांतर यकृतात होते, म्हणून ते मूत्रपिंडाच्या रुग्णाला निर्धोक असावे असे वाटते. परंतु त्यापासून तयार होणारा एक पदार्थ मॉर्फिनसारखाच गुणकारी असून तो मूत्रावाटे जातो. तो साचला की रुग्णाला गुंगी येते आणि श्वास मंदावतो.

येथवरचे गणित सोपे दिसते : गाळणी मंद, तर मात्रा कमी. अत्यवस्थ रुग्णाच्या बाबतीत या सोप्या नियमानेच फसगत होते. ती कशी, हे पुढील काल्पनिक रुग्णावरून ध्यानात येईल.

कालचे पत्र

कावेरीच्या मुखाजवळील भातशेतीत काम करणारा साठ वर्षांचा, ५४ किलो वजनाचा एक शेतकरी डोळ्यांपुढे आणा. संध्याकाळी बांधावर त्याला घोणस चावली. रुग्णालयात त्याचे रक्त तपासले. स्नायूंच्या झिजेतून निघणारा व मूत्रपिंडांनी बाहेर टाकला जाणारा क्रिॲटिनिन नावाचा पदार्थ त्याच्या रक्तात डेसिलिटरला १.० मिलिग्रॅम आढळला.

गाळणीचा वेग प्रत्यक्ष न मोजता क्रिॲटिनिनवरून अंदाजण्याचे एक सूत्र कॉक्रॉफ्ट आणि गॉल्ट या कॅनडातील दोघांनी १९७६ साली दिले. ते असे : १४० मधून वय वजा करावे, त्याला वजनाने गुणावे, आणि क्रिॲटिनिनला ७२ ने गुणून येणाऱ्या संख्येने भागावे. स्त्रियांसाठी उत्तरातून १५ टक्के वजा करावे. आपल्या शेतकऱ्याचे उत्तर ८० गुणिले ५४ भागिले ७२, म्हणजे मिनिटाला ६० मिलिलिटर येते. वयाच्या मानाने हे ठीक आहे.

रात्री विषाचा परिणाम होऊन त्याची मूत्रपिंडे जवळजवळ थांबली. बारा तासांत लघवी अवघी १०० मिलिलिटर झाली. सकाळी क्रिॲटिनिन १.४ आहे आणि सूत्र सांगते ४३. प्रत्यक्षात वेग दहाच्याही खाली असेल. क्रिॲटिनिन रक्तात साचण्याला वेळ लागतो. गाळणी थांबली त्या क्षणी तो वाढलेला नसतो. तो तासातासाने, दिवसादिवसाने चढत जातो. म्हणून अहवालातला आकडा हा टपालाने आलेल्या पत्रासारखा समजावा : पत्र आपल्या हाती आज पडले, तरी त्यातली हकिकत कालची असते.

आठवड्यानंतर उलट घडते. उपचारांनी मूत्रपिंडे सावरली आणि लघवी दिवसाला दोन लिटर होऊ लागली. क्रिॲटिनिन ३.० आहे, पण उतरत आहे. सूत्र म्हणते २०. खरा वेग त्याहून अधिक आहे. पहिल्या सकाळी सूत्रावर विसंबलो तर औषध जास्त पडते. आठव्या दिवशी विसंबलो तर कमी पडते. यात सूत्राचा दोष नाही. ते ज्यांचा क्रिॲटिनिन स्थिर आहे अशांसाठी तयार झाले. ज्यांच्या आधारे ते बसविले ते २४९ रुग्णही सगळे पुरुषच होते. ज्याची प्रकृती तासातासाला पालटते अशा रुग्णाला ते जसेच्या तसे लावणे हा वापरणाऱ्याचा दोष होय.

शेत भरण्याचे पाणी

दुसरी फसगत पहिल्या मात्रेची. ती समजण्यास कावेरीचेच उदाहरण घेऊ. चोळकालीन कल्लणैच्या बंधाऱ्यावरून वाटले जाणारे पाणी पाटापाटाने शेतांत येते. कोरड्या खाचरात चार बोटे पाणी उभे करावयाचे असेल, तर किती पाणी लागेल? ते खाचराच्या क्षेत्रावर अवलंबून आहे. पलीकडच्या बांधाला पाणी जाण्याची मोरी लहान की मोठी, याचा त्याच्याशी संबंध नाही. मोरीचा प्रश्न नंतर येतो : एकदा भरलेले पाणी त्याच उंचीवर राखण्यास किती भर घालावी लागेल, हा तो प्रश्न.

औषधाचेही तसेच आहे. पहिली मात्रा शरीररूपी खाचर भरण्यासाठी असते, पुढच्या मात्रा ते भरलेले राखण्यासाठी. मूत्रपिंड ही मोरी आहे. म्हणून मोरी तुंबली तरी पहिली मात्रा सहसा पूर्णच द्यावी लागते. कमी करावयाच्या त्या पुढच्या मात्रा, किंवा वाढवावयाचे ते दोन मात्रांमधले अंतर. शिवाय जंतुदोषाने रक्तदाब उतरलेल्या रुग्णाला शिरेतून लिटरच्या लिटर द्रव दिले जातात व ते अंगात मुरतात. त्यामुळे जी औषधे शरीरातील पाण्यात पसरतात त्यांच्या दृष्टीने खाचर मोठे होते. अशा वेळी 'मूत्रपिंडे बिघडली आहेत' म्हणून पहिलीच मात्रा निम्मी केली, तर जंतूंना मारण्याइतके औषध रक्तात कधी चढतच नाही. गंभीर जंतुदोषात पहिले काही तास निर्णायक असतात. हातचे गेलेले तास पुढच्या मात्रांनी भरून निघत नाहीत.

तिसरी फसगत तरुणांची. अपघातात जखमी झालेल्या किंवा भाजलेल्या काही तरुण रुग्णांत गाळणीचा वेग उतरत नाही, उलट वाढतो. मिनिटाला १३० मिलिलिटरच्याही वर जातो. ब्रिस्बेन येथील अभ्यासकांनी २०१० साली या गोष्टीकडे विशेष लक्ष वेधले. अशा रुग्णाचा क्रिॲटिनिन अगदी 'चांगला' दिसतो, आणि त्या चांगल्या आकड्याच्या आड नेहमीची मात्रा तिचे काम होण्यापूर्वीच वाहून जाते.

यंत्राने रक्त शुद्ध करताना चौथा प्रश्न उभा राहतो. विलेम कोल्फ यांनी १९४३ साली, जर्मनीने व्यापलेल्या नेदरलंड्समधील कांपेन या गावी, पहिले उपयोगी कृत्रिम मूत्रपिंड चालविले. तेव्हापासून डायलिसिसने असंख्य प्राण वाचविले आहेत. परंतु यंत्राला कचरा आणि औषध यांतला भेद कळत नाही. मेरोपेनेमसारखे औषध ते कचऱ्याबरोबर काढून टाकते; रक्तातील प्रथिनांना घट्ट चिकटलेले औषध मात्र मागे राहते. म्हणून मात्रा यंत्राच्या वेळापत्रकाशीही जुळवावी लागते.

अपवाद आणि त्याचा धडा

आपल्या शेतकऱ्याला दिलेले सर्वांत महत्त्वाचे औषध या साऱ्या गणिताला अपवाद आहे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारांच्या विषांवर आपल्या देशात दिली जाणारी प्रतिविषाची लस वजनावर वा मूत्रपिंडांवर मोजली जात नाही. लहान मुलालाही मोठ्याइतकीच लस देतात. कारण ही लस शरीरावर काम करीत नाही, विषावर करते; आणि साप मूल पाहून कमी विष टोचत नाही. घोणसीने मूत्रपिंडे बिघडली आहेत, म्हणून लस कमी करू, असे कोणी म्हटल्यास ती प्राणघातक चूक ठरेल.

या अपवादाचा धडा असा की 'मूत्रपिंड बिघडले, मात्रा उतरवा' हा सरसकट नियमही तंजावरच्या त्या गोळीइतकाच आंधळा आहे. औषध कशावर काम करते, कोणत्या वाटेने बाहेर जाते, ते साचल्यास अपाय किती आणि कमी पडल्यास अपाय किती, हे प्रश्न प्रत्येक औषधाला वेगळे विचारावे लागतात. जेंटामायसिन साचल्याचा अपाय मोठा आहे. तेथे हात आखडता घ्यावा. पेनिसिलिनच्या कुळातील बहुतेक औषधांची सुरक्षित मर्यादा रुंद आहे. तेथे पहिल्या दिवसांत कमी पडण्याचीच भीती अधिक. अमेरिकेतील रुग्णांच्या २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, दाखल होताना ज्यांची मूत्रपिंडे तात्पुरती बिघडलेली दिसली अशा जंतुदोषाच्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिकांची ती ४८ तासांत सावरल्याचे आढळले. यांच्या मात्रा घाईने उतरविल्या असत्या, तर त्या उतरविण्याचे कारण नाहीसे झाल्यावरही त्या तशाच राहण्याचा धोका होता.

काय करावे

आमची सूचना खर्चाची नाही. अत्यवस्थ रुग्णाच्या कागदावर रोज सकाळी चार गोष्टी एकाच ओळीत लिहिल्या जाव्यात : आजचे वजन, मागील प्रत्येक तासाची लघवी, क्रिॲटिनिन व तो घेतल्याची वेळ, आणि तो चढतो आहे की उतरतो आहे. पाचवी गोष्ट म्हणजे या चारांवरून प्रत्येक औषधाविषयी घेतलेला निर्णय, निर्णय घेणाऱ्याच्या सहीसह. लघवी सलग सहा तास ताशी किलोमागे अर्ध्या मिलिलिटरहून कमी झाली, तर ती मूत्रपिंडांना झालेल्या इजेची खूण होय, असे २०१२ पासून जगभर मान्य झालेले निकष सांगतात. ५४ किलोच्या माणसाला ही मर्यादा ताशी २७ मिलिलिटर होते. हे मोजण्यास खुणा केलेली पिशवी आणि लक्ष ठेवणारी परिचारिका पुरते.

जेथे शंका आहे तेथे सूत्रावर न थांबता वेग प्रत्यक्ष मोजावा. आठ तासांची लघवी जमवावी. समजा ती २४० मिलिलिटर भरली. मिनिटाला अर्धा मिलिलिटर झाली. तिच्यातील क्रिॲटिनिन ६० आणि रक्तातील ३ असेल, तर साठाला तिनाने भागून अर्ध्याने गुणावे. वेग मिनिटाला १० मिलिलिटर येतो. क्रिॲटिनिनचा असा उपयोग डेन्मार्कच्या रेबर्ग यांनी १९२६ सालीच दाखवून दिला होता. ज्या प्रयोगशाळेत रक्तातील क्रिॲटिनिन मोजतात तेथे लघवीतीलही मोजता येतो. रक्तातील पातळी भराभर बदलत असेल तर हेही माप अचूक राहत नाही, पण सूत्रापेक्षा ते सत्याच्या जवळ असते.

यावर आक्षेप येतील. पहिला : अतिदक्षता विभागात हात आधीच अपुरे आहेत, त्यात ही नवी लेखनिकी कशाला? आक्षेप खोटा नाही. त्याला उत्तर असे की हे काम एकट्या डॉक्टराचे नसावे. औषधशास्त्रातील सहा वर्षांचा फार्म. डी. हा अभ्यासक्रम आपल्या देशात २००८ पासून आहे, आणि रुग्णाच्या खाटेजवळ उभे राहून मात्रेचा हिशेब तपासणे हाच त्या शिक्षणाचा एक हेतू आहे. जिल्ह्याच्या ठिकाणच्या प्रत्येक अतिदक्षता विभागात असा एक औषधतज्ज्ञ सकाळच्या फेरीत असावा. तंजावरच्या वैद्यकीय महाविद्यालयासारखी १९५९ पासूनची, शेतकरी मुलखाच्या मध्यावर उभी असलेली महाविद्यालये या कामाच्या शिक्षणाला योग्य स्थळे आहेत.

दुसरा आक्षेप : अनुभवी चिकित्सकाला हे सारे नजरेनेच कळते. अनुभवाची थोरवी आम्हांस मान्य आहे. परंतु चढत्या क्रिॲटिनिनचा आणि उतरत्या क्रिॲटिनिनचा आकडा एकच असू शकतो, आणि त्यांतला फरक नजरेला नव्हे, कालच्या नोंदीला ठाऊक असतो. तिसरा आक्षेप : रक्तातील औषधाची पातळीच मोजावी, म्हणजे अंदाजांची गरज नाही. व्हँकोमायसिन, जेंटामायसिन यांच्यासारख्या औषधांबाबत हे जेथे शक्य आहे तेथे अवश्य करावे. पण त्या तपासणीचे उत्तर येईपर्यंत पहिली, दुसरी मात्रा द्यावीच लागते, आणि ती ठरविण्यास हाच हिशेब हवा.

शाळांतील व ग्रंथालयांतील वाचकांना यात काय करता येईल? घरातील वृद्धांना दाखल करण्याची वेळ आली, तर त्यांच्या चालू औषधांची यादी आणि क्रिॲटिनिनचा जुना अहवाल बरोबर न्यावा. जुना आकडा ठाऊक असला तरच आजच्या आकड्याचा अर्थ लागतो. मूत्रपिंडांची स्थिती पाहून मात्रा ठरविली आहे का, हे नम्रपणे विचारावे. असा प्रश्न विचारण्यात डॉक्टरांचा अवमान नाही. आणि गणिताच्या तासाला वरचे सूत्र मुलांनी आपल्या आजोबांचे वय घालून सोडवून पाहावे. वय वाढले की उत्तर कसे उतरते, हे एकदा स्वतःच्या हाताने काढले म्हणजे विसरत नाही.

सरफोजी राजांच्या काळी त्या नोंदी करणाऱ्यांजवळ ना क्रिॲटिनिन होते ना कृत्रिम मूत्रपिंड. समोरच्या माणसाचा डोळा त्यांनी नीट पाहिला, त्याचे चित्र काढले आणि त्याची हकिकत लिहून ठेवली. आज आपल्यापाशी साधने पुष्कळ आहेत. त्या साधनांनी मिळालेला आकडा समोरच्या माणसाचा आहे, आणि तो आजचा आहे, एवढी खात्री रोज एका ओळीने करून घ्यावी. मात्रा लागू पडण्याला ही ओळ औषधाइतकीच आवश्यक आहे.